नॉर्थफील्डमधली दोन कॉलेजं

अमेरिकेत कॉलेज निवडायचं म्हटलं की लोक नकाशा पसरून बसतात, ईस्ट कोस्ट की वेस्ट कोस्ट, बर्फ की ऊन, घरापासून किती तासांची फ्लाइट. आमच्याकडे तो प्रश्नच आला नाही, कारण लेकीच्या हातात शेवटी ज्या दोन ॲडमिशन उरल्या त्या एकाच गावातल्या. मिनेसोटातलं नॉर्थफील्ड. गावाच्या पश्चिमेला टेकडीवर सेंट ओलाफ, पूर्वेला कॅनन नदीच्या पलीकडे कार्लटन, आणि एकाकडून दुसरीकडे पायी निघालात तर अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. दोन्ही लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे एकाच शाखेत न अडकवता अनेक विषय शिकवणारी लहान कॉलेजं, दोन्हीकडे फक्त बॅचलर्स डिग्री, दोन्हीकडे मुलं कॅम्पसवरच राहतात, दोन्हीकडे फ्रॅटर्निटी-सोरोरिटी, म्हणजे मुलांचे आणि मुलींचे खासगी क्लब, हा प्रकार नाही, दोन्ही चर्चच्या माणसांनी दीडेकशे वर्षांपूर्वी काढलेली आणि दोन्हीची छापील फी बघितली की पोटात गोळा येतो.

मग निवडायचं कशावरून? एप्रिल महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आणि त्यातून मला जे पटलंय ते मी आधीच सांगून टाकते, बाकीचं वाचा नाहीतर राहू द्या: रँकिंगचा कागद बाजूला ठेवा आणि त्या कॉलेजनं वर्षाचे तुकडे कसे पाडलेत ते बघा. म्हणजे टर्म किती आठवड्यांची, एका वेळी विषय किती, सुट्टी कधी, मंगळवारी सकाळी साडेदहाला मुलं कुठे असतात आणि रात्री आठला कुठे. आपलं मूल चार वर्षं रँकिंगमध्ये राहायला जात नाही, ते त्या वेळापत्रकात राहायला जातं.

आधी गावाबद्दल थोडं, कारण गाव मला फार आवडलं. मिनियापोलिसहून दक्षिणेला पाऊण तास, दोन्ही बाजूंनी मका आणि सोयाबीनची शेतं, आणि गावाचं ब्रीदवाक्य आहे गाई, कॉलेजं आणि समाधान. वस्ती वीस हजारांच्या आसपास, त्यात दोन कॉलेजांची मिळून पाचेक हजार मुलं. गाडीतून उतरलं की हवेत भाजलेल्या धान्याचा गोडसर वास येतो, काही दिवस कोकोचा, कारण माल्ट-ओ-मील या सीरियलचा कारखाना नदीकाठी गावातच आहे. गावातली मुख्य गल्ली म्हणजे डिव्हिजन स्ट्रीट, जुन्या विटांच्या इमारती, आणि तिथेच ती बँक आहे जिच्यावर ७ सप्टेंबर १८७६ ला जेसी जेम्स या कुख्यात दरोडेखोराच्या टोळीनं दरोडा घातला होता. जोसेफ ली हेवूड नावाच्या माणसानं तिजोरी उघडायला नकार दिला आणि त्याला तिथेच गोळी घातली. हा हेवूड बँकेत काम करता करता कार्लटन कॉलेजचा खजिनदारसुद्धा होता. गावकऱ्यांनी बंदुका काढून टोळीला पळवून लावलं, आणि आजही दर सप्टेंबरात गाव त्या पराभवाचा उत्सव करतं. कॉलेज आणि गाव इतकं एकमेकांत गुंतलेलं मी अमेरिकेत फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

आता दोन कॉलेजांच्या जन्माची गोष्ट. कार्लटन १८६६ चं, सुरुवातीचं नाव नॉर्थफील्ड कॉलेज, काढलं काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांनी, म्हणजे न्यू इंग्लंडहून पश्चिमेला आलेली इंग्रजी बोलणारी माणसं. मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम कार्लटन नावाच्या व्यापाऱ्यानं १८७१ मध्ये ५० हजार डॉलर दिले, कसली अट न घालता, म्हणून त्याचं नाव. १८७४ ला पहिली बॅच बाहेर पडली त्यात दोनच जण होते, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि त्याच वर्षी त्या दोघांनी लग्न केलं! नेमकं त्याच १८७४ मध्ये नदीच्या अलीकडे नॉर्वेहून आलेल्या लुथरन पंथाच्या शेतकऱ्यांसाठी बर्न्ट युलियस मूस या पाद्र्याच्या पुढाकारानं सेंट ओलाफ शाळा स्थापन झाली, नॉर्वेच्या संत झालेल्या राजाच्या नावानं. आपली मुलं इथलं शिक्षण घेऊ देत पण आपली भाषा, आपली गाणी, आपला देव विसरू नयेत एवढाच हेतू. आणि तिथेसुद्धा मुली पहिल्या दिवसापासून मुलांच्या बरोबरीनं.

त्याच वर्षी, परत १८७४, जवळच्याच एका नॉर्वेजियन शेतकऱ्याचा सतरा वर्षांचा मुलगा शिकायला नॉर्थफील्डला आला आणि तो आपल्या लोकांच्या नव्या शाळेत न जाता इंग्रजीवाल्यांच्या कार्लटनला गेला. थॉर्स्टाइन वेब्लेन. पुढे मोठा अर्थशास्त्रज्ञ झाला, श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चाबद्दल त्यानं जे लिहिलं ते आजही शिकवतात. मला हे वाचून गंमत वाटली आणि थोडं बरंही वाटलं. म्हणजे आपल्या माणसांत राहायचं की पलीकडे जायचं हा आम्हा परदेशी घरांचा प्रश्न त्या गावानं पहिल्या वर्षापासून बघितलाय.

यात आमचा, म्हणजे नगरचा, एक धागा आहे तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मी नगरची. आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. ज्या काँग्रिगेशनल लोकांनी कार्लटन काढलं त्याच परंपरेतल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनं १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला मिशन सुरू केलं, ज्याला आपण अमेरिकन मराठी मिशन म्हणतो. सिंथिया फरार बाई त्याच बोर्डाच्या, १८२७ ला एकट्या मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीरावांनी त्या शाळा पाहिल्या आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं ते फरारबाईंकडे. आणि मी ज्या अहमदनगर कॉलेजात शिकले ते डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ ला काढलेलं, त्याच मातीतलं. तेव्हा मिनेसोटातल्या मक्याच्या शेतात उभं असलेलं हे कॉलेज मला परकं वाटलं नाही. हिवाळे सरांचं कॉलेज आणि हे कॉलेज, दोन्हींचं मूळ शोधत मागे गेलं तर माणसं एकाच गोतावळ्यातली निघतात.

असो. आता मुद्द्याकडे, म्हणजे कॅलेंडरकडे.

कार्लटनमध्ये वर्षाच्या तीन टर्म. प्रत्येक टर्म दहा आठवड्यांची आणि एका टर्मला तीनच विषय. सप्टेंबरच्या मध्यावर सुरू, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी पहिली टर्म खल्लास, मग थेट नव्या वर्षापर्यंत सुमारे सहा आठवडे सुट्टी, जानेवारी ते मार्च दुसरी, आणि मार्चअखेर ते जून तिसरी. ऐकायला छान वाटतं, तीनच विषय म्हणजे लक्ष विखरत नाही. पण दहा आठवडे म्हणजे काय ते नीट बघा. पहिल्या आठवड्यात ओळखी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म, आणि सातव्यात शेवटच्या पेपरची तयारी. नगरच्या पावसासारखं, आला की सगळा एकदमच. मधे आठवडाभर फ्लू झाला तर टर्मचा दहावा हिस्सा गेला. तिथल्या मुलांना विचारलं तर सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि गंमत म्हणजे कुरकुर करत नाही तर अभिमानानं सांगितलं. ज्या मुलाला एखाद्या विषयात उडी मारून बुडून जायला आवडतं, आणि दहा आठवड्यांनी हात झटकून नवं काहीतरी घ्यायला आवडतं, त्याच्यासाठी यासारखं काही नाही. शिवाय एखादा विषय नाही आवडला तर दहाच आठवडे सोसायचं.

सेंट ओलाफला सेमिस्टर. सप्टेंबर ते डिसेंबर चार विषय, फेब्रुवारी ते मे चार विषय, आणि मधला जानेवारी एकाच विषयाला दिलेला. त्या जानेवारीत कोणी पूर्ण महिना एकाच लॅबमध्ये घालवतं, कोणी प्रोफेसरबरोबर दुसऱ्या देशात जातं, परदेशी शिकायला जाणाऱ्यांचं प्रमाण या कॉलेजात फार आहे. सेमिस्टरमध्ये विषय मुरायला वेळ मिळतो. सहाव्या आठवड्यात न कळलेली गोष्ट दहाव्यात कळते आणि तरी परीक्षेला महिना असतो. पण चार विषय एकदम सांभाळायचे म्हणजे दर आठवड्याला कुठेतरी काहीतरी ड्यू असतंच, आणि डिसेंबर महिना, त्याबद्दल पुढे सांगते, तिथला डिसेंबर हा एक वेगळाच विषय आहे.

या दोन कॅलेंडरांचा अजून एक परिणाम आहे जो माहितीपत्रकात कोणी ठळक लिहीत नाही. दोन कॉलेजं इतकी शेजारी, दोघांची लायब्ररी एकमेकांच्या मुलांना पुस्तकं देते, एकत्र कॅटलॉग आहे, मग कोणालाही वाटेल की मुलं इकडचे दोन कोर्स तिकडचे दोन असं करत असतील. कागदावर सोय आहे. पण एकाची टर्म नोव्हेंबरात संपते, दुसऱ्याची डिसेंबरात, एकाची सुरू होते तेव्हा दुसऱ्याची अर्धी झालेली, कसं जमणार? त्यामुळे "शेजारी आहेत म्हणजे दोन्हींचा फायदा" हे गृहीत धरू नका. जिथे नाव घालाल तिथलेच व्हाल. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट-स्मिथ-माउंट होल्योक वगैरे पाच कॉलेजांची गोष्ट वेगळी, तिथे मुलं एकमेकांच्या वर्गात सहज जाऊन बसतात. नॉर्थफील्डमध्ये नदी लहान आहे पण आहे.

आम्ही दोन्हीकडच्या ॲडमिटेड स्टुडंट्सच्या दिवसांना गेलो. कार्लटनला लेक एका जिऑलॉजीच्या वर्गात बसली, म्हणजे बसली कुठे, वर्ग उठून बाहेर गेला. कॉलेजच्या मागे काउलिंग आर्बोरेटम आहे, आठशेच्या वर एकर, मुलं त्याला नुसतं आर्ब म्हणतात, जंगल, नदीकाठ आणि पुन्हा रुजवलेलं गवताळ रान. एप्रिल असून वारा असा की कान दुखत होते. प्रोफेसर बाई रबरी बुटांत चिखलात उभ्या, हातात काही नाही, आणि मुलांना म्हणाल्या, समोरचा काठ बघा आणि मला सांगा पाणी आधी कुठून वाहत होतं. कोणीच काही बोलेना. त्यांनी वाट बघितली, खरंच वाट बघितली, मला वाटतं दोनेक मिनिटं गेली असतील, तेव्हा एक मुलगा चाचरत काहीतरी बोलला, ते चूक होतं, बाईंनी चूक आहे असं सांगितलं नाही, "मग तो वाळूचा थर तिथे कसा आला?" एवढंच विचारलं, आणि मग चार जण एकदम बोलायला लागले. मी लांब उभी राहून हे बघत होते. मी शिकत असताना चिखलात उभं राहून कोणी मला असं विचारलं असतं तर! त्या दोन मिनिटांच्या शांततेसाठी एवढी फी घेत असतील तर मला ती समजते.

कार्लटनमध्ये अशा जागा पुष्कळ. १८८७ ची गुडसेल वेधशाळा, अजून उभी. पुस्तकांचं वेड. चौथ्या वर्षी प्रत्येकाला आपल्या मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, एक मोठं काम पूर्ण करावंच लागतं, त्याला ते कॉम्प्स म्हणतात. आणि डेसी मोझेसचं घर! या बाई कॉलेजात काम करायच्या आणि मुलांसाठी त्यांचं घर कायम उघडं असायचं. १९८१ मध्ये त्या गेल्या आणि घर कॉलेजला देऊन गेल्या. आजही तिथे कोणत्याही मुलानं जावं, मैदा, साखर, लोणी ठेवलेलं असतं, कुकीज भाजाव्या, दुसऱ्यांसाठी ठेवाव्या, भांडी घासून निघावं. आम्ही गेलो तेव्हा दोन मुलं गणिताचं काहीतरी भांडत ओव्हनकडे बघत उभी होती. मला ते घर इतकं आवडलं की गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, झालं, ठरलं.

लेक गप्प होती.

सेंट ओलाफला पुढच्या आठवड्यात गेलो. टेकडीवर चुनखडी दगडाच्या इमारती, खालून येताना एखाद्या गढीसारख्या दिसतात, वारा इकडे जास्तच. सकाळच्या वर्गांमध्ये चॅपलसाठी, म्हणजे छोट्या प्रार्थनेसाठी, वेळ सोडलेला असतो, वीसेक मिनिटं, सक्ती नाही, ज्याला जायचंय त्यानं जावं, बाकीचे कॉफी प्यायला जातात. आम्ही गेलो. कोणीतरी विद्यार्थिनी आपल्या आजीबद्दल बोलली, मग ऑर्गन, मग सगळे उठून गायले. आणि इथे मला धक्का बसला, कारण ते चार आवाजांत गायले. म्हणजे गायकवृंद नाही, बाकांवर बसलेली साधी मुलं, हूडी घातलेली, पाठीला सॅक, ती आपोआप वरचा-खालचा आवाज पकडून गात होती. मी लहानपणी नगरमध्ये मिशनच्या चर्चमध्ये तबला-पेटीवर मराठी भजनं ऐकलेली, रेव्हरंड टिळकांची. तिथेही सगळी मंडळी गायची, पण सगळे एकाच सुरात. हे वेगळं होतं आणि अंगावर काटा आला.

संध्याकाळी लेकीला एका कॉयरची तालीम बघायला मिळाली, पालकांनाही मागे बसू दिलं. सेंट ओलाफ कॉयर १९१२ चा, एफ. मेलियस क्रिस्टियनसेन या नॉर्वेहून आलेल्या संगीतकारानं उभा केलेला, वाद्यांशिवाय गाणारा गायकवृंद म्हणून अमेरिकेत त्याचं फार मोठं नाव आहे. पण मला माहीत नव्हतं ते हे की गाताना ती मुलं एकमेकांचे हात धरतात. तोंडपाठ गातात, हातात कागद नाही, आणि शेजारच्याचा हात हातात. का तर श्वास कळतो. एक उंच मुलगा, नंतर कळलं तो मॅथ्सचा, त्याचा सूर दोनदा खाली गेला आणि शेजारच्या मुलीनं त्याच्याकडे न बघता हात जरासा वर उचलला, एवढाच, बोटभर, आणि तिसऱ्यांदा सूर बरोबर लागला. बाकी कोणाच्या ते लक्षातही आलं नसेल. आणि यातली बरीच मुलं संगीत मेजर नाहीत. केमिस्ट्री, नर्सिंग, इकॉनॉमिक्स, काहीही. तालमी आठवड्यातले बहुतेक दिवस, वर्षभर. डिसेंबर आला की ख्रिसमस फेस्टिव्हल, तोही १९१२ पासून, पाच-सहा कॉयर आणि ऑर्केस्ट्रा मिळून शेकडो मुलं एका वेळी गातात. आणि हे सगळं सेमिस्टर संपत येताना, फायनल तोंडावर असताना. कार्लटनच्या मुलांची तेव्हा सुट्टी सुरू झालेली असते, घरी बसून आईच्या हातचं खात असतात.

आमची लेक लहानपणापासून गाते. आधी इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंकडे पेटीवर सरगम, मग शाळेचा कॉयर. केमिस्ट्री तिला आवडते आणि ती तेच शिकणार आहे. पण ती सावकाश शिकणारी मुलगी आहे. एखादं प्रकरण ती तीन वेळा वाचते, दोन आठवडे काही बोलत नाही, आणि मग एके दिवशी जेवताना असं काही विचारते की तिच्या बाबांना उत्तर शोधायला लॅपटॉप उघडावा लागतो. परतताना गाडीत तिनंच विषय काढला. म्हणाली, "आई, कार्लटनच्या त्या वर्गात मला उत्तर सुचलं, पण आपण पार्किंगपर्यंत आल्यावर. मी तिथे कायम पार्किंगपर्यंत आल्यावरच हुशार असेन." मला वाईट वाटलं, म्हटलं असं कसं म्हणतेस, सवय होईल. ती म्हणाली, होईल ना, पण मला सवय करून घ्यायची नाहीये, मला जशी आहे तशी राहून शिकायचंय.

अठराव्या वर्षी स्वतःच्या चालीची इतकी ओळख असणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

घरी मात्र इतक्या सहज मिटलं नाही. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं की रँकिंगमध्ये कार्लटन पहिल्या दहाच्या आसपास असतं आणि सेंट ओलाफ पन्नाशीच्या आसपास किंवा खाली, पुढे पीएचडीला जाणाऱ्यांमध्ये कार्लटनचं नाव कायम वर, मग मिळालेली जागा सोडायची का? हा प्रश्न खोटा नाही. आपण लोक ज्या परीक्षांमधून आलो तिथे एका मार्कावर ब्रँच बदलायची, वरच्या कॉलेजची जागा सोडणं आपल्या हाडात नाही. मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तर जो तो विचारत होता, आणि निम्म्या लोकांना दोन्ही नावं माहीत नव्हती, "युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटा का नाही?" म्हणाले. त्यांना मी काय म्हणणार, लहान कॉलेज का हे एका वाटी श्रीखंडाच्या वेळात सांगता येत नाही. पण रँकिंगचं मला हे कळलं की त्यात कॉलेजची श्रीमंती, इतर कॉलेजांचे अधिकारी काय म्हणतात असल्या गोष्टींचा मोठा वाटा असतो. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलीला यंत्राला हात लावू देतात का, हे त्या आकड्यात नसतं. ते आम्ही दोन्हीकडे जाऊन विचारलं. दोन्हीकडे लावू देतात.

आईचा प्रश्न निराळा होता. ती नगरहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "लुथरन म्हणजे चर्चचं ना गं? पोरीला तिथे काही म्हणायला तर लावणार नाहीत?" मी तिला तिचीच आठवण करून दिली, तू मला मिशनवाल्यांच्या कॉलेजात घातलंस तेव्हा घरी गौरी-गणपती बंद झाले का. ती हसली. पण प्रश्न योग्य आहे आणि तो गुळमुळीत न ठेवता विचारायला हवा म्हणून आम्ही विचारला. कार्लटनचा चर्चशी संबंध आता इतिहासापुरता. सेंट ओलाफ आजही लुथरन चर्चशी जोडलेलं आहे, धर्म या विषयाचा अभ्यास सगळ्यांना करावा लागतो, चॅपल ऐच्छिक, कॅम्पसवर दारूचे नियम कडक. ज्यांना हे नको त्यांनी डोळे उघडे ठेवून नको म्हणावं. मला स्वतःला असं वाटलं की ज्या जागी धर्म ही बोलायची, वाद घालायची, अभ्यासायची गोष्ट आहे तिथे आमच्या मुलीला आपल्या धर्माबद्दलही जास्त विचारलं जाईल, आणि तिला उत्तरं शोधावी लागतील. त्याच कॅम्पसवर किर्केगार या डॅनिश तत्त्वज्ञावरची लायब्ररी आहे, हाँग नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या बायकोनं आयुष्यभर जमवून दिलेली, तिथे जगभरातून माणसं येऊन बसतात. अशा जागी कोणी कोणाला घाईनं काही म्हणायला लावत नसतं.

पैशाचं थोडक्यात पण स्पष्ट सांगते कारण यावर लोक दबक्या आवाजात बोलतात. राहणं-खाणं धरून छापील आकडा दोन्हीकडे वर्षाला ७० हजार डॉलरच्या वर. तो आकडा बहुतेक घरं भरत नाहीत. कार्लटन गरज बघून मदत देतं, ज्याला घेतलं त्याची ठरवलेली पूर्ण गरज चारही वर्षं भागवतं, पण मार्क चांगले म्हणून मोठी स्कॉलरशिप असा प्रकार तिथे जवळपास नाही. सेंट ओलाफ गरजेवर देतंच, वर मेरिटवर आणि संगीतावरही देतं. आमच्यासारखं घर, जिथे दोघांच्या पगारामुळे कागदावर गरज कमी दिसते पण हातात तेवढं नसतं, तिथे या फरकानं वर्षाच्या हप्त्यात चांगलाच फरक पडतो. दोन्हीकडची पत्रं शेजारी ठेवून, कर्ज आणि कॅम्पसवरची नोकरी बाजूला काढून, फक्त परत न करायचे पैसे मोजा. आणि शंका असेल तर फायनान्शियल एडच्या ऑफिसला फोन करा, ती माणसं बोलतात.

बाकी दोन कॉलेजांची आपापसातली चढाओढ हा गावाचा करमणुकीचा भाग आहे. सेंट ओलाफच्या मुलांना ओली म्हणतात, कार्लटनच्यांना कार्ल. १९७७ मध्ये त्यांनी एक अमेरिकन फुटबॉलची मॅच मेट्रिक पद्धतीनं खेळली, मैदान यार्डात नाही तर मीटरमध्ये आखून, तिला लिटर बाउल म्हणाले, सेंट ओलाफनं ४३-० नं जिंकली. कार्लटननं २००४ मध्ये कॉलेजच्या मालकीची मोठी पवनचक्की उभारली तर सेंट ओलाफनं २००६ मध्ये आपली उभारली. अशी ईर्ष्या असेल तर असू दे, माझं काही म्हणणं नाही.

शेवटी लेकीनं सेंट ओलाफ ठरवलं. नवऱ्यानं दोन दिवस विचार केला आणि मग त्यानंच लॅपटॉपवर डिपॉझिट भरलं, एक मे या शेवटच्या तारखेच्या आधीच. त्याच संध्याकाळी लेकीनं कार्लटनला नाही म्हणून कळवलं आणि त्या जिऑलॉजीच्या बाईंना वेगळा ईमेल लिहिला, वर्गात बसू दिल्याबद्दल. कृपा करून हे सगळ्यांनी करा, नको असलेली जागा शेवटच्या दिवसापर्यंत अडवून ठेवू नका, वेटलिस्टवर कोणाचं तरी मूल रोज मेल उघडून बघत असतं.

तिची शाळेतली जवळची मैत्रीण, तेलुगू घरातली, कार्लटनला चाललीय, आणि ती तिथे शोभून दिसेल, कारण ती पोरगी प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करते. मी आणि तिची आई मुलींना सोडायला-आणायला एकच गाडी काढायचं ठरवत होतो. कॅलेंडरं शेजारी ठेवली तर काहीच जुळेना. ही सप्टेंबरच्या सुरुवातीला जाणार, ती मध्यावर. डिसेंबरभर ती घरी, ही टेकडीवर फायनल आणि ख्रिसमस फेस्टिव्हलमध्ये, आणि तिकडे जूनमध्ये परीक्षा सुरू असतील तेव्हा ही मे महिन्यातच परतलेली. एक थँक्सगिव्हिंग तेवढं जुळतंय. बुधवारी दुपारी मी जाईन, आधी कार्लटन, मग सेंट ओलाफ, आणि येताना फेस्टिव्हलची तिकिटं आम्हा दोन्ही घरांसाठी मिळतात का ते बघेन, ती म्हणे लगेच संपतात.